लग्नात पोरांना नुसते कपडे नको, काम द्या

नमस्कार मंडळी. उन्हाळा आला की टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन सगळीकडे लग्नांची रांग लागते, यंदा तर मंडळातल्याच कितीतरी घरांत कार्य आहे, म्हणून कमिटीने मला पकडलं की मावशी तुम्ही लग्नातल्या पोरांबद्दल बोला, तुम्ही एवढी लग्नं लावून दिलीत. लावून नाही दिली हो, ती भटजी लावतात, मी मागे सुपाऱ्या आणि लाह्या मोजत असते. पण मागे उभं राहिलं की पोरं काय करतायत ते मात्र नीट दिसतं.

आणि काय करत असतात? सहा वर्षांची पोरगी, पुण्याहून शिवून आणलेली नऊवारी, नथ, चंद्रकोर, सगळं साग्रसंगीत, आणि बाईसाहेब टेबलाखाली आयपॅड घेऊन बसलेल्या. तिचा भाऊ सुटलेलं धोतर एका हाताने धरून पार्किंगपर्यंत जाऊन आलेला. सकाळीच फोटो झाले ना, मग त्यांचं काम संपलं! आपण पोरांना पहाटे उठवून सजवतो आणि मग चार तास गप्प बस म्हणतो, कसं जमणार? माझं म्हणणं एवढंच आहे की पोराला असं काहीतरी काम द्या जे त्याने केलं नाही तर कार्य अडेल, खरंच अडेल, लुटुपुटूचं नाही.

इथल्या लग्नातली पाकळ्या टाकणारी फ्लॉवर गर्ल आणि उशीवर अंगठ्या आणणारा रिंग बेअरर आपल्याला आता नवे नाहीत, कितीतरी घरांत जावई किंवा सून इथलीच, मग एक दिवस चर्च नाहीतर फार्म आणि दुसऱ्या दिवशी आपला मांडव. ब्रिटनच्या राजघराण्यात तर ब्राइड्समेड म्हणून चक्क लहान मुलीच असतात. २०११ मध्ये विल्यम-केटच्या लग्नात ती तीन वर्षांची चिमुरडी आठवते का, बाल्कनीत नवरा-नवरी एकमेकांचा मुका घेतायत आणि ही खालच्या गर्दीच्या आवाजाने वैतागून दोन्ही कानांवर हात ठेवून उभी? जगभर कौतुक झालं तिचं. मला विचाराल तर त्या बाल्कनीत तेवढी एकच शहाणी होती. आणि २०१८ च्या मे महिन्यात हॅरी-मेगनच्या लग्नात, मेगनच्या डोक्यावरून मागे सोडलेला तो पाच मीटरचा जाळीदार व्हेल धरून चालणारी जुळी पोरं आपल्या टोरांटोचीच, कॅनडाचे माजी पंतप्रधान ब्रायन मल्रोनी यांचे नातू, वय वर्षं सात. तुताऱ्या वाजल्यावर त्यातल्या एकाने दातांची फट दाखवत जो आ वासला तो फोटो सगळीकडे फिरला. पण बघा, त्या दोघांना काम होतं. त्यांनी सोडलं असतं तर ते सगळं पायऱ्यांवर घासत गेलं असतं. याउलट रिंग बेअररच्या उशीला बऱ्याचदा खोट्या अंगठ्या शिवलेल्या असतात आणि खऱ्या मोठ्या माणसाच्या खिशात. पोरांना हे कळतं बरं का, आपल्याला वाटतं कळत नाही.

आता आपल्याकडे या. आपल्या लग्नात पोरांसाठी काही नाही म्हणून फ्लॉवर गर्ल आणू या असं जेव्हा कोणी म्हणतं तेव्हा मी विचारते, करवली कुठे गेली तुमची? पाठची बहीण करा-दिवा घेऊन नवरीच्या मागे उभी, दोन्ही बाजूंच्या करवल्या असतात, त्यांचा मान असतो, आमच्याकडे मंगलाष्टकं चालू असताना ती कऱ्यातलं पाणी नवरीच्या डोळ्यांना लावते. फ्लॉवर गर्ल दीड मिनिटात पाकळ्या टाकून मोकळी होते, करवली मात्र सकाळपासून नवरीची सावली. हल्ली काय झालंय, करवली म्हणजे फक्त मॅचिंग साडी आणि एंट्री. अहो, तिच्या हातात करा द्या की! लहान असेल तर करा छोटा घ्या, अर्धाच भरा, दिवा मोठीकडे द्या आणि दोन मुलींना आळीपाळीने उभं करा, कारण आठ वर्षांच्या मुलीचे हात भरून येतात आणि मंगलाष्टकं म्हणणाऱ्या काकू काही थांबत नाहीत. (हशा. ज्यांच्याबद्दल बोलले त्या समोरच बसल्या होत्या आणि त्याच सगळ्यात जास्त हसल्या.)

मग कानपिळी. माझ्या मते अख्ख्या लग्नातला हा पोरासाठी सगळ्यात भारी रोल आहे. लाजाहोमाच्या वेळी नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो, त्या ती होमात सोडते, आणि मग हाच भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, की बाबा रे, माझ्या बहिणीला नीट सांभाळ, आणि त्याबद्दल त्याला मानाचं काहीतरी मिळतं. विचार करा, दहा वर्षांच्या पोराला सहा फुटी माणसाचा कान भर मांडवात सगळ्यांदेखत पिळायची परवानगी, तीही भटजींच्या साक्षीने! फक्त आधी कळू द्या त्याला. ऐन वेळी "अरे चल चल, कान पिळ" म्हणून ढकललेला पोरगा हळूच कानाला बोट लावतो आणि पळतो. दोन दिवस आधी सांगितलंत तर तो स्वतःचं वाक्य तयार करतो. एकाने तर नवरदेवाकडून माइकवर कबूल करून घेतलं की ताईला क्रिकेट लागलेलं असताना रिमोट द्यायचा, आणि ते होईपर्यंत कान सोडला नाही. बाजूला स्टूल ठेवा, उंची पुरत नाही. आणि भाऊ नसेल तर? चुलत-मामे कोणीही चालतो म्हणतात, माझं तर म्हणणं धाकटी बहीण का नको. दोन-तीन भटजींशी बोलले आहे, एक जरा कुरकुरले, बाकीचे म्हणाले खुशाल पिळू दे. लाह्या मात्र साळीच्याच घ्या, इथे इंडियन ग्रोसरीत खील म्हणून मिळतात, मुरमुरे नको, ते वेगळे.

आता जरा जास्त वेळ घेते कारण हे मला फार आवडतं. घटिकापात्र किती जणांनी पाहिलंय? हात वर करा. बघा, सगळे साठीच्या पुढचे. तांब्याची वाटी, तळाला बारीक भोक, पाण्याच्या घंगाळात सोडायची, भोकातून हळूहळू पाणी वर येतं आणि वाटी बुडाली की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटं. साठ घटका म्हणजे एक दिवसरात्र. घड्याळं नव्हती तेव्हा मुहूर्त याच्यावर साधायचे, भटजी त्याची पूजा करून एखाद्याला नजर ठेवायला बसवायचे. हे काम दहा-बारा वर्षांच्या, ज्याला नाचायचं नाही, फोटो नको, लोक नको, अशा पोराला द्या. आधी महिनाभर घरी तयार करू दे. स्टीलची वाटी चालते, बाबाने बारीक ड्रिलने भोक पाडून द्यायचं, मग खरी मजा. भोक मोठं झालं तर दहा मिनिटांत बुडते, मग मेण लावून बारीक करा, फारच हळू बुडत असेल तर काठाला थोडं वजन लावा, प्रत्येक वेळी वहीत मिनिटं लिहा. हे सगळं तो शाळेच्या सायन्स फेअरला पण नेऊ शकतो, एका दगडात दोन पक्षी. आणि लग्नाच्या दिवशी मुहूर्ताच्या आधी बरोबर २४ मिनिटं वाटी सोडायची, तो शेजारी पाटावर बसणार आणि बुडाली की भटजींना सांगणार. भटजींच्या मनगटावर घड्याळ असतं, असू दे. तुम्ही भटजींशी आधी ठरवून ठेवा की त्याने सांगितल्याशिवाय शेवटचं मंगलाष्टक सुरू करायचं नाही.

शुभमंगल सावधान झालं की वाजवा रे वाजवा, पण इथे सनई-चौघडा कुठला, तो फोनवर. ते बटण डीजेकडे असतं आणि डीजेला आपलं "सावधान" कळत नाही, मी पाहिलंय, मधल्याच मंगलाष्टकाला सनई सुरू. ते बटण एका पोराकडे द्या. त्याला सगळी मंगलाष्टकं लक्ष देऊन ऐकावी लागतात, दुसरा इलाजच नाही.

मंगलाष्टकांवरून आठवलं, घरातल्या कोणीतरी नावं गुंफून मंगलाष्टक रचायची आपली पद्धत आहे, साधारण आत्या किंवा आजी रचते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना द्या ना हे. वृत्त शार्दूलविक्रीडित, एका ओळीत १९ अक्षरं, बाराव्या अक्षरावर थांबा, आणि गंमत म्हणजे "कुर्यात् सदा मंगलम्" हे शेवटच्या सात अक्षरांत बरोब्बर बसतं, म्हणजे चौथ्या ओळीची बाराच अक्षरं लिहायची, एकूण ६९. जी मुलं रॅप लिहितात त्यांना अक्षरं मोजायचं आपल्यापेक्षा चांगलं कळतं. लघु-गुरू चालीत म्हणून बघितलं की आपोआप कानाला खटकतं. मराठी कच्चं असेल तर इंग्रजीत लिहू दे, शेवट तेवढा कुर्यात् सदा मंगलम्. काही ज्येष्ठांना हे आवडणार नाही, त्यांच्या चेहऱ्यावर आत्ताच दिसतंय मला. पण अर्ध्या हॉलला तेवढंच एक मंगलाष्टक कळलेलं असतं हेही खरं ना.

अक्षता वाटणं हे तर पोरांचंच काम. फक्त इथे बरेच हॉलवाले तांदूळ टाकू देत नाहीत, गुळगुळीत फ्लोअरवर दाण्यांवरून आजी घसरू शकते हेही आहेच, म्हणून पाकळ्या चालतील का ते आधी विचारून घ्या. पोरांना कागदाच्या पुड्या वळायला बसवा, प्रत्येकाला एक रांग नेमून द्या, आणि मुख्य म्हणजे पाहुण्यांना सांगायचं कामही त्यांचंच, की कधी टाकायच्या. नाहीतर आपले कॅनेडियन व्याही पहिल्याच "सावधान"ला सगळी पुडी रिकामी करतात. अंतरपाटावर कुंकवाचं स्वस्तिक काढायला पोरांना द्या, धरायला मात्र मोठेच हवेत, उंची लागते.

रुखवताबद्दल थोडक्यात. पूर्वी त्यात घरची कला असायची, आता बॉक्स मागवतात आणि मांडतात. पोरांनी लेगोचा वाडा केला, पुठ्ठ्यावर वारली लग्न काढलं, सुपाऱ्यांची वरात मांडली तरी ते विकतच्यापेक्षा बरं. वेडंवाकडं असलं तरी मांडा आणि नावाची चिठ्ठी ठेवा, आणि कृपा करून रात्री कोणी आत्या त्यावर ग्लिटर लावून "जरा नीट" करू नका.

हळदीच्या किंवा केळवणाच्या दिवशी घरी पंगत बसवत असाल तर वाढायला पोरं घ्या. मीठ वर मधोमध, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, हे एकदा पाटीवर काढून दाखवलं की त्यांना पटकन येतं, मीठवाला एक, लिंबूवाला एक, पाणीवाला दणकट बघून. गरम वरण आणि तूप मोठ्यांकडे. जोडे पळवणं आपलं नाही म्हणून काहीजण नाक मुरडतात, मला चालतं, फक्त पैशांची घासाघीस ताणू देऊ नका, लहानांना रडू येतं आणि नवरदेव मोज्यांवर उभा.

चारच्या आतल्या पोराकडून काही अपेक्षा ठेवू नका, पाकळ्या टाकल्या तर टाकल्या, खाल्ल्या तर तोंडातून काढा. होमाजवळ जाणाऱ्या पोरांचे कपडे सुती किंवा रेशमी हवेत, ते फुगीर नायलॉनचे घागरे आणि नेटच्या ओढण्या अग्नीपासून लांब, यात लाडीगोडी नाही. कानपिळीवाल्याचा सदरा पण बघा. नाश्ता मुहूर्ताआधी. प्रत्येक कामाला एक राखीव पोर ठेवा, कारण ऐन वेळी कोणीतरी नाही म्हणणारच, आणि नाही म्हटलं तर नाही, माइकवरून आग्रह करू नका. आणि संगीतचा तो डान्स, महिनाभर दर रविवारी बेसमेंटमध्ये पोरांना घाम गाळायला लावायचा, ज्यांना हौस त्यांनी करावा, पण त्यालाच पोरांचा सहभाग म्हणू नका, त्यात पोरं फक्त दिसतात.

घटिकापात्र करायला घ्यायचं असेल तर ड्रिलचं पातं किती बारीक लागतं ते आपल्या मंडळाच्या खजिनदारांना विचारा, त्यांच्या नातवाने केलंय, ती वाटी आणि त्याची वही आज मागच्या टेबलावर ठेवली आहे, हात लावून बघितली तरी चालेल, पण पाण्यात सोडायची असेल तर त्याला विचारून. चला, तिकडे वडे गार होतायत.