पाणी टाइल पीत नाही, सांधा पितो

(जुळे सोलापुरातल्या एका सोसायटीत रहिवाशांपुढं केलेलं बोलणं, थोडं संपादित करून.)

माइक जरा खाली घेतो. साइटवर कटर मशीनच्या वरताण ओरडायची सवय लागलेली आहे.

आल्या आल्या तिघीचौघींनी एकच विचारलं, किचनच्या टाइल्सना वॉटरप्रूफिंगचं कुठलं केमिकल मारायचं? टाइलला काहीच मारायचं नाही. ओट्यामागची चकचकीत टाइल वरून काचेसारखीच असते, तिच्या चकाकीतून पाणी आत शिरत नाही. तिच्यावर सीलर, म्हणजे पाणी अडवणारं ते केमिकल, फासला तर तो वरच वाळतो, पांढुरका चिकट थर बसतो, आणि तो खरवडायला पुन्हा मलाच फोन येतो. पाणी पितो तो सांधा. दोन टाइलांमधल्या फटीत भरतात तो सिमेंटचा ग्राउट म्हणा, नाहीतर आपल्याकडं अजून सर्रास भरतात ते नुसतं व्हाइट सिमेंट म्हणा, त्याला बारीक छिद्रं असतात. त्यात आपण शेंगतेलाची फोडणी देणारी माणसं. हळद आणि तेल मिळून सांध्यात जो पिवळेपणा बसतो तो साबणानं जात नाही, कारण तो आत मुरलेला असतो.

सांध्यावर पाण्याचे चार थेंब ठेवा आणि चहा होईपर्यंत थांबा. थेंब तसेच उभे राहिले तर काही करू नका. सांधा काळपट पडला तर तो पितोय, त्याला सीलर लावायचा. सिमेंटऐवजी इपॉक्सी, म्हणजे रेझिनचा, ग्राउट भरलेला असेल तर तो पीतच नाही. त्याला सीलर लावायला सांगणारा दुकानदार आपला डबा खपवतोय.

आता ॲसिड. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. आपल्याकडं बोअरचं पाणी जड. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून किचनमध्ये पिंपं भरलेली, त्यांच्या बुडाशी कायम ओल, आणि वाळलं की पांढरा थर. तो थर दिसला की बायका-पुरुष सगळेच संडासातली ॲसिडची बाटली उचलतात. थर जातो हे खरं, पण बरोबर सांध्यातलं सिमेंटही जातं. जुन्या घरांत खाली शहाबादी असते. वाडी जंक्शनच्या अलीकडं, रेल्वेलाइनीवरच्या शहाबादवरून तिला नाव पडलं. तो चुनखडीचा दगड आहे. ॲसिड ओतल्यावर फेस येतो तो मळ निघतोय म्हणून येत नाही, दगड विरघळतोय म्हणून येतो. शहाबादीवर लिंबू आणि व्हिनेगरसुद्धा नको. शहाबादीला मात्र सीलर लावायचा, सबंध फरशीला, कारण तिच्यावर चकाकीचा थर नसतो. आत मुरणारा घ्या. डब्यावर पाणी आणि तेल दोन्ही अडवतो असं लिहिलेलं बघून घ्या. नुसतं पाणी अडवणारा फोडणीपुढं टिकत नाही.

काम सोपं आहे. धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून सांधे घासा, स्वच्छ धुवा, पूर्ण वाळू द्या. निदान एक दिवस, पंखा लावून. भुसभुशीत झालेला सांधा दोन-तीन मिलिमीटर कोरून नवा भरा आणि मग तीन दिवस सीलरला हात लावू नका. सीलर बारीक ब्रशनं फक्त सांध्यावर लावा, पाच-दहा मिनिटांत टाइलवर आलेलं पुसून घ्या.

वाळू द्या हे मी घसा फोडून का सांगतो? पूर्व भागात एका घरी पावसाळ्यात मी घाई केली. सांधे ओलसर होते, तरी सीलर लावून मोकळा झालो. दोन महिन्यांत पलीकडच्या खोलीत भिंतीचे पोपडे पडले. टाइल्स बोटानं वाजवल्या तर पोकळ. आत नळाचा पाइप ठिबकत होता आणि मी वरून तोंड बंद करून बसलो होतो. पाणी आतून येत असेल तर सीलरचा काही उपयोग नाही, आधी प्लंबर.

ओटा आणि भिंत जिथं मिळतात त्या कोपऱ्यात ग्राउट कधीच टिकत नाही. आपल्या मे महिन्यात ओटा वेगळा फुगतो, भिंत वेगळी. मधे चीर पडणारच. तिथं रबरासारखं ताणलं जाणारं सिलिकॉन भरा. कडप्प्याचा किंवा संगमरवराचा ओटा असेल तर न्यूट्रल सिलिकॉन मागा, व्हिनेगरसारखा वास येणारं नको. दोन्ही बाजूंना टेप, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एकदाच फिरवायचं, टेप लगेच काढायची.

उन्हाळ्याची एक गंमत सांगतो. ग्राउट सिमेंटचा, त्याला पाणी पाहिजे. एप्रिलमध्ये भरला तर ओलं फडकं लावत राहा, नाहीतर पीठ होतं. सिलिकॉनही हवेतल्या ओलीवरच घट्ट होतं, म्हणून आपल्या कोरड्या हवेत त्याला जास्त वेळ द्या. आणि सीलरला हाच कोरडा महिना सगळ्यात चांगला.

मागून कुणीतरी विचारतंय, उरलेल्या सिलिकॉनचं काय करायचं? नळीच्या तोंडात स्क्रू खोचून ठेवलात तरी पुढच्या दिवाळीपर्यंत ती टिकत नाही. त्यापेक्षा त्याच दिवशी शेजारणीच्या ओट्याचा कोपरा भरून टाका.