हजारात दोघं

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगाव भागातल्या एका सरकारी दवाखान्यात मी एचआयव्हीचं समुपदेशन करते. देशात हजार मोठ्या माणसांमागे साधारण दोघांना एचआयव्ही आहे, असं सांगितलं की लोकांचा जीव भांड्यात पडतो. ‘म्हणजे आमच्या गावात कुणी नाही!’ अहो, ते दोघं हिशेबानं वाटलेले नसतात. कुठे एकही नाही, कुठे बरेच. आणि कर्नाटकातलं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्तच आहे.

आकडा लहान म्हणून संशोधकांचीही पंचाईत होते. लागणच क्वचित, मग उपायाचा गुण कळायला हजारो माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं. एका मोठ्या अभ्यासात जोडपीच निवडली होती : एकाला लागण, दुसऱ्याला नाही. 9 देशांतली 1,763 जोडपी, त्यात आपल्या हमरस्त्यावरच्या पुण्यातलीही. औषध लवकर सुरू केलेल्यांकडून जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटली, हे 2011 मध्ये समजलं. आज लागण कळली की गोळी लगेच सुरू होते, तीही फुकट. ती रोज घेऊन विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

पण कळायला रक्त द्यावं लागतं ना! चिकोडीकडची एक पोटुशी बाई तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकातलं गरोदर बाईच्या नोंदींचं कार्ड, पदरात गुंडाळून बसली होती. संमतीचा कागद कानडीत, तिचे प्रश्न मराठीत. मी एकेक ओळ वाचून सांगितली. शेवटी खाली बघत म्हणाली, “बाई, सासूला कळंल का हो?” नाही कळणार. तुमच्या संमतीशिवाय तपासणी नाही आणि निकाल बाहेर फोडता येत नाही, असा 2017 चा कायदाच आहे.

निकाल आला, लागण होती. त्याच दिवशी गोळी सुरू केली. अशी औषधं घेतली नाहीत तर दर तीन बाळांतल्या जवळपास एकाला लागण होऊ शकते. वेळेवर घेतली तर शंभरात पाचांपेक्षाही कमी. नवऱ्याला तिनंच आणलं. त्याचं रक्त साफ निघालं. तो बराच वेळ कागद उलटसुलट करत राहिला.

बाळाची तपासणी सहाव्या आठवड्यापासून सुरू होते, शेवटची अठराव्या महिन्यात. त्या दिवशी ती पहिल्या गाडीनं आली, मी कुलूप काढायच्या आधीच दारात उभी. बाळ कडेवर झोपलेलं. निकाल ऐकला आणि म्हणाली, “आता उठवते त्याला.”