बाटलीतले विरजण

श्रोतेहो, सप्रेम नमस्कार.

रुग्णालयात दाखल होताना जो आजार अंगात नव्हता तो तेथेच जडावा, याला आमच्या परिचारिकांच्या व्यवसायात रुग्णालयजन्य संसर्ग म्हणतात. तो शस्त्रक्रियेच्या जखमेत होतो, लघवीच्या नळीवाटे होतो, सलाईनसाठी शिरेत ठेवलेल्या सुईवाटे होतो. हा विषय निघाला की हात धुण्याविषयी सांगितले जाते आणि ते योग्यच आहे: साबण-पाण्याने 40 ते 60 सेकंद, किंवा हात दिसायला स्वच्छ असतील तर अल्कोहोलयुक्त द्रावणाने 20 ते 30 सेकंद. आज मात्र मला ज्या बाटलीतल्या द्रावणावर आपण स्वच्छतेसाठी डोळे मिटून विश्वास टाकतो, त्या बाटलीविषयी बोलायचे आहे, आणि त्यासाठी सुमारे चाळीस वर्षांपूर्वीचा एक प्रसंग सांगायचा आहे.

मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते आणि पुरुषांच्या शस्त्रक्रिया कक्षात, म्हणजे शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या वॉर्डात, माझी नेमणूक झाली होती. एका सकाळी हर्नियाची शस्त्रक्रिया झालेल्या एका शेतकरी रुग्णाचे ड्रेसिंग सोडले, तर आतले गॉझ हिरवट निळसर झालेले आणि त्याला किंचित गोडसर असा वास येत होता, जो एकदा नाकात बसला की परिचारिका जन्मभर विसरत नाही. टाके काढण्याचा दिवस तोंडावर आला असताना जखम चिघळली होती. त्याच आठवड्यात आणखी दोघांच्या जखमांना तसाच पू आला. डॉक्टरांचा संशय साहजिकच शस्त्रक्रियागृहावर गेला; दोन दिवस ते बंद ठेवून फॉर्मेलिनची धुरी दिली गेली, उपकरणे पुन्हा निर्जंतुक केली गेली, आणि त्यानंतर पुढच्याच यादीतल्या रुग्णाची जखम पुन्हा हिरवी झाली.

आमच्या कक्षाच्या इनचार्ज सिस्टर, ज्यांना आम्ही सगळ्या जणी बाई म्हणत असू, त्या फारशा बोलत नसत. त्यांनी आमच्या आणि समोरच्या स्त्रियांच्या अशा दोन्ही कक्षांची ड्रेसिंगची वही मागवली आणि टेबलावर शेजारी शेजारी उघडून ठेवली. त्याच दिवशी, त्याच शस्त्रक्रियागृहात, त्याच डॉक्टरांच्या हातून शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया समोरच्या कक्षात जात होत्या आणि त्यांच्या जखमा कोरड्या भरून येत होत्या. म्हणजे दोष शस्त्रक्रियागृहात नव्हता, आमच्या कक्षात होता. व्हिएन्नाच्या प्रसूती रुग्णालयात 1847 साली सेमेलवाइस या डॉक्टरांनी तिथल्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले, त्याआधी त्यांनीही शेजारशेजारच्या दोन प्रसूतिकक्षांतल्या मृत्यूंची अशीच तुलना केली होती, हे मी पुष्कळ नंतर वाचले. बाईंनी ते वाचले होते की नाही, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी बाई ड्रेसिंगच्या ट्रॉलीपाशी नुसत्या उभ्या राहिल्या. चिमटे ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, आलेले होते, गॉझचा ड्रम बंद होता, स्वच्छ जखमा आधी आणि पू असलेल्या जखमा शेवटी हा क्रमही आम्ही पाळत होतो. मग मी सेव्हलॉनच्या मोठ्या काचेच्या बाटलीचे बूच काढले, वाटीत द्रावण ओतले आणि बोळा बुडवला. बाईंनी बाटली हातात घेतली, प्रकाशाकडे धरली आणि मला एवढेच विचारले, ‘‘ही शेवटची रिकामी कधी झाली होती?’’

श्रोतेहो, ती बाटली रिकामी कधीच होत नव्हती. रोज सकाळी ती भरण्याचे काम माझ्याकडे होते, आणि गेले चार महिने मी तळाशी उरलेल्या द्रावणात नवे सेव्हलॉन आणि नळाचे पाणी घालून ती गळ्यापर्यंत भरत होते. बाटली कधी रिती दिसत नाही याचा मला अभिमानही होता.

बाटलीतल्या द्रावणाचा आणि लाकडी बुचाचा नमुना तपासणीला गेला. तीन दिवसांनी अहवाल आला: दोन्हींत स्युडोमोनास हा जंतू वाढला होता, तोच जखमांमध्येही होता. हा पाण्यात, ओलाव्यात राहणारा जंतू आहे; पातळ झालेल्या, शिळ्या जंतुनाशकात तो तग धरतो आणि बुचाच्या छिद्रांत तर त्याला घरच मिळते. मी रडायच्या बेतात होते. बाई म्हणाल्या, ‘‘अगं, घरी दही कसं लावतेस? काल उरलेल्या चमचाभर दह्यावर आजचं दूध. इथे आपण तेच केलं. विरजण लावलं.’’ माझे नाव त्यांनी अहवालात लिहिले नाही, पद्धत लिहिली. आज दरवर्षी 17 सप्टेंबरला जागतिक रुग्णसुरक्षा दिन पाळला जातो आणि चूक कोणाची यापेक्षा चूक कशी घडली हे शोधावे असे त्या दिवशी सांगितले जाते, तेव्हा मला ती ओळ आठवते.

अहवाल आला त्या दिवसापासून आमच्या कक्षातली बुचे गेली. बाटल्या रोज धुऊन ऑटोक्लेव्ह होऊ लागल्या, एका दिवसापुरतेच द्रावण उकळून गार केलेल्या पाण्यात तयार होऊ लागले, बाटलीवर तारीख लिहिलेली चिठ्ठी आली आणि संध्याकाळी उरलेले मोरीत ओतले जाऊ लागले. भांडारपालांनी यावर मोठी हरकत घेतली होती. आपल्याकडे शाम्पूच्या बाटलीतही शेवटी पाणी घालून ती हलवतात, तेव्हा त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. काटकसर हा आपला गुण आहे, फक्त त्याची जागा रुग्णालयाच्या ट्रॉलीवर नाही.

म्हणून पुन्हा सांगते: अर्धवट रिकाम्या बाटलीत वरून भर घालू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या हातांच्या स्वच्छतेविषयीच्या 2009 च्या मार्गदर्शक सूचनांतही, द्रवरूप साबणाच्या अर्धवट भरलेल्या डब्यात नवा साबण ओतू नये असे स्पष्ट म्हटले आहे. इंजेक्शनआधी पुसण्याचे स्पिरिटचे बोळे सकाळीच भिजवून डब्यात भरून ठेवू नयेत. बोळा वेळेवर, लागेल तेवढाच भिजवावा. फरशी पुसायचे हायपोक्लोराइटचे द्रावण रोज ताजे करावे. घरी आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांनीही जंतुनाशकाच्या बाटलीत पाणी घालून ती आठवडाभर पुरवू नये. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, परंतु जमिनीला न टेकवता अडकवावी, हेही जाता जाता सांगते.

हातमोज्यांविषयी मात्र माझे मत थोडे कडवट आहे. तेच हातमोजे घालून एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे, तिथून दाराच्या कडीला आणि मोबाइलला हात लावणारी मंडळी मी पाहिली आहेत. त्यापेक्षा उघडे, धुतलेले हात कधीही बरे. आणि भेटीला आलेल्या नातेवाइकांनी रुग्णाच्या खाटेवर मांडी घालून बसू नये, हे मी नोकरीभर सांगत आले, त्याचा उपयोग झाल्याचे मला स्मरत नाही.

त्या शेतकरी रुग्णाचे सांगायचे राहिले. आठ दिवसांत घरी जायचा तो माणूस तेवीस दिवस राहिला, आणि पेरणीचे दिवस होते. निघताना त्याची बायको आम्हा सगळ्यांसाठी पेरूंची पिशवी घेऊन आली. मला तो पेरू हातात धरवेना. बाईंनी त्या दोघांना टेबलासमोर बसवून घेतले आणि सरळ सांगितले, ‘‘दादा, तुमची जखम आमच्या औषधाच्या बाटलीमुळे चिघळली. चूक आमची होती.’’ तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याच्या शेजारच्या खाटेवर आदल्या दिवशीच आलेल्या मुलाकडे बोट दाखवून त्याने विचारले, ‘‘बाई, ह्या पोराला नवी बाटली लावली ना?’’

बाईंनी उठून ट्रॉलीवरची बाटली आणली आणि त्यावरची तारीख त्याला वाचून दाखवली.

नमस्कार.