राहायला जाण्याआधी तिथली हवा पाहावी

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत अनेक घरांमध्ये स्थलांतराची बोलणी चालतात. नोकरीनिमित्त पुण्याला स्थायिक झालेला मुलगा आई-वडिलांना आता तिकडेच या म्हणून आग्रह करत असतो. मुंबईत आयुष्य काढलेले एखादे जोडपे निवृत्तीनंतर गावाकडे परतण्याच्या विचारात असते. आणि मंगळवेढा, बार्शी, अक्कलकोटकडची कुटुंबे मुलांच्या शिक्षणासाठी सोलापुरात घर शोधत असतात. या बोलण्यांमध्ये भाडे, कर्जाचा हप्ता, शाळेचे अंतर आणि नळाला पाणी किती दिवसांआड येते, यांची बारकाईने चौकशी होते. हवेचा विषय मात्र ‘पुण्याची हवा छान’ किंवा ‘सोलापूर म्हणजे नुसते ऊन’ अशा एका वाक्यात मिटवला जातो. घरात दमेकरी मूल असेल, हृदयविकाराचा रुग्ण असेल किंवा सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा असतील, तर एवढ्या एका वाक्यावर विसंबणे धोक्याचे आहे. कोणत्याही गावाची हवा पाहायची ती तिच्या सर्वांत वाईट महिन्यात, दिवसाच्या वाईट वेळी आणि घरातल्या सर्वांत नाजूक माणसाच्या दृष्टीने पाहावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

प्रथम उन्हाचा विचार करू. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे आणि पुणे साडेपाचशे मीटरच्या आसपास. दर हजार मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, हे लक्षात घेतले तर या शंभर मीटरमुळे जेमतेम अर्ध्या-पाऊण अंशाचा फरक पडावा. प्रत्यक्षात पुण्याचा उन्हाळा आपल्यापेक्षा पुष्कळ सुसह्य वाटतो, याचे कारण सह्याद्रीच्या जवळिकीत आणि संध्याकाळी पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांत आहे. दुपारच्या कमाल तापमानापेक्षा रात्रीच्या किमान तापमानात हा फरक अधिक दिसतो. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु वृद्धांच्या आणि रुग्णांच्या दृष्टीने खरा प्रश्न रात्री अकरानंतर घर निवते की नाही, हा असतो. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री विसावा मिळाला तर दुसऱ्या दिवसाचे ऊन झेपते. तो मिळाला नाही तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी थकवा, चक्कर, रक्तदाबातील चढउतार अशा तक्रारी सुरू होतात. म्हणून वर्तमानपत्रातला कमाल तापमानाचा ठळक आकडा पाहताना शेजारचा किमान तापमानाचा आकडा आवर्जून वाचावा.

आता मुंबईकडे पाहा. मे महिन्यात तिथले कमाल तापमान सरासरीने चौतीस अंशांच्या आतबाहेर असते, म्हणजे आपल्यापेक्षा सहा-सात अंशांनी कमी. तरीही सोलापूरचा माणूस मे महिन्यात मुंबईला गेला की हैराण होतो. शरीर स्वतःला थंड ठेवते ते घाम वाळवून, आणि समुद्रकाठच्या दमट हवेत घाम अंगावर तसाच राहतो. आपल्या कोरड्या हवेत तो लगेच वाळतो. त्यामुळे ऊन कडक असूनही सावलीत बसले, पाणी पीत राहिले की तगून जाता येते. वाळ्याच्या ताट्यांचा किंवा गवताची जाळी असलेला साधा कूलर सोलापुरात मे महिन्यात उत्तम काम देतो आणि मुंबईत जवळजवळ निरुपयोगी ठरतो, तोही याच कारणाने. अर्थात कोरड्या उन्हाचाही आपला धोका आहे. घाम दिसत नसल्यामुळे शरीरातले पाणी किती कमी झाले हे कळत नाही, आणि तहान कमी लागणाऱ्या वृद्ध माणसांच्या बाबतीत हे विशेष जपावे लागते.

गावाच्या हवेइतकेच महत्त्व घराच्या बांधणीला आहे. आपल्या भागातील जुनी माळवदाची घरे, जाड दगडी भिंती आणि वर पांढऱ्या मातीचा थर, ही या उन्हाचा पुरता विचार करून उभी राहिलेली होती. आजच्या सिमेंटच्या स्लॅबखाली, सर्वांत वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या उघड्या भिंतीला लागून असलेली खोली म्हणजे त्याच गावातले वेगळेच हवामान असते. स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि मध्यरात्रीपर्यंत ती खाली सोडत राहतो. तेव्हा सोलापुरात परतणाऱ्या ज्येष्ठांनी तळमजल्याचे किंवा मधल्या मजल्याचे, पूर्वेकडे अगर उत्तरेकडे उघडणारे, आसपास दोन-चार मोठी झाडे असलेले घर घ्यावे. वरचाच मजला घ्यावा लागला तर गच्चीला चुन्याचा पांढरा थर देण्याचा खर्च आधीच धरून ठेवावा. पुण्यात जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे. नव्या उपनगरांतील झाडाविना उभ्या राहिलेल्या काँक्रीटच्या वसाहतीत जुन्या पुण्यातली थंड रात्र मिळेलच, असे गृहीत धरू नये.

आता श्वासाच्या हवेकडे वळतो. या विषयात गैरसमज फार आहेत, म्हणून येथे जरा सविस्तर बोलतो.

केंद्र सरकारने जानेवारी 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेची राष्ट्रीय मानके सातत्याने न पाळणाऱ्या ज्या शहरांची यादी त्यासाठी करण्यात आली, तिच्यात पुणे, मुंबई, नागपूर, चंद्रपूर यांच्या बरोबरीने आपले सोलापूरही होते आणि शेजारचे लातूर, सांगली, कोल्हापूरही होते. ‘आमच्याकडे ऊन आहे, पण हवा मात्र शुद्ध’ हा आपला समज तपासून पाहिला पाहिजे. सोलापूरची मुख्य तक्रार धुळीची आहे. पर्जन्यछायेतला कोरडा मुलूख, काळ्या मातीची उघडी रानं, साइडपट्ट्या न बांधलेले रस्ते, खोदकामे, बांधकामे आणि त्यांवरून धावणारी वाहने यांमुळे हवेत जाडसर कण भरपूर असतात. शास्त्रीय भाषेत त्यांना पीएम दहा म्हणतात, म्हणजे दहा मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. याच कुळातले अडीच मायक्रॉनहून बारीक कण पीएम अडीच म्हणून ओळखले जातात. हे प्रामुख्याने ज्वलनातून येतात: वाहनांचा धूर, कोळसा, कचऱ्याची होळी, उसाचे पाचट, चूल. दोहोंतला फरक आरोग्याच्या दृष्टीने मोठा आहे. जाड धूळ बहुतांशी नाक, घसा आणि श्वासनलिकांपर्यंत पोचते, खोकला आणते, दमा चाळवते. बारीक कण फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात, त्यांतले काही रक्तात उतरतात आणि हृदयविकार व पक्षाघात यांचाही धोका वाढवतात.

आपल्या देशात 2014 पासून हवेची गुणवत्ता एका निर्देशांकाने सांगितली जाते. पन्नासपर्यंत चांगली, शंभरपर्यंत समाधानकारक, दोनशेपर्यंत मध्यम, तीनशेपर्यंत वाईट, चारशेपर्यंत अतिवाईट आणि त्यापुढे गंभीर, असे त्याचे टप्पे आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ या ॲपवर हे आकडे कोणालाही विनामूल्य पाहता येतात. हा आकडा वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की मोजलेल्या निरनिराळ्या प्रदूषकांपैकी ज्याची स्थिती सर्वांत वाईट, त्याचाच आकडा निर्देशांक म्हणून जाहीर होतो. म्हणून मे महिन्यातल्या सोलापूरचा एकशे वीस आणि डिसेंबरातल्या एखाद्या महानगराचा एकशे वीस हे सारखे नव्हेत. पहिला बहुधा धुळीचा असतो, दुसरा बहुधा धुराचा. आकड्याशेजारी कोणत्या प्रदूषकाचे नाव लिहिले आहे ते अवश्य पाहावे. दुसरी गोष्ट, कणांच्या बाबतीत हा आकडा चोवीस तासांच्या सरासरीवर बेतलेला असतो, त्यामुळे सकाळी फिरायला जाण्याच्या वेळची हवा त्यातून थेट कळत नाही. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या 2009 च्या मानकांनुसार पीएम अडीचची वार्षिक सरासरी घनमीटरमागे 40 मायक्रोग्रॅमपर्यंत मान्य आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये केलेली शिफारस अवघ्या 5 मायक्रोग्रॅमची आहे. पीएम दहासाठी हेच आकडे 60 आणि 15 असे आहेत. तेव्हा ‘समाधानकारक’ हा शेरा पाहून दमेकरी मुलाच्या बाबतीत निर्धास्त होऊ नये.

हवेतल्या धुराचा वाईट काळ गावागणिक वेगळा नसला, तरी त्याची तीव्रता फार वेगळी असते. जून ते सप्टेंबर पावसाने कण धुतले जातात आणि जवळजवळ सगळीकडचे आकडे चांगले दिसतात. पावसाळ्यात घर पाहून ‘किती स्वच्छ हवा’ असे ठरवणारे लोक येथेच फसतात. दिवाळीनंतर आभाळ निरभ्र होते, रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा गार व जड होते आणि वरची हवा तुलनेने उबदार राहते. गार हवेच्या या थरावर जणू झाकण बसते, आणि खालचा धूर सकाळी ऊन चढेपर्यंत खालीच कोंडून राहतो. टेकड्यांनी वेढलेल्या पुण्यासारख्या शहरात हे विशेष घडते. सोलापूर उघड्या माळावर असल्यामुळे वारा मोकळा मिळतो, हा आपला लाभ आहे. पण वारा पडलेल्या हिवाळी पहाटे आपल्याकडेही धूर रेंगाळतो, आणि नेमका तोच काळ साखर कारखान्यांच्या गाळपाचा आणि शेतात पाचट पेटवण्याचा असतो. आपल्या जिल्ह्याइतके साखर कारखाने राज्यात अन्यत्र नाहीत, हे येथे विसरता येत नाही.

म्हणून शहराच्या एका आकड्यावर न थांबता पेठ, नगर आणि गल्ली पाहावी. आपल्या जुळे सोलापुरातल्या आतल्या रस्त्यावरचे घर आणि अवजड वाहने रात्रंदिवस धावणाऱ्या महामार्गालगतचे घर यांची हवा एक नाही. अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ घर घेताना यंत्रमागांची आणि लहान कारखान्यांची बॉयलरे कोणत्या बाजूला आहेत, त्यांत काय जाळले जाते, हे विचारावे. पावसाळ्यात आपल्याकडे वारे नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतात आणि हिवाळ्यात पूर्व-ईशान्येकडून; धूर साचण्याचा काळ हिवाळ्याचा असल्यामुळे चिमणीच्या पश्चिम-नैर्ऋत्येकडचे घर अधिक सोसते, असा साधा हिशेब करता येतो. दक्षिण सोलापूर तालुक्यातील औष्णिक वीज प्रकल्पाबद्दल पुष्कळजण काळजीने विचारतात. ती काळजी रास्त आहे, परंतु उंच चिमणीचा धूर दूरवर पसरतो, आणि गल्लीच्या तोंडाशी रोज संध्याकाळी पेटवला जाणारा कचरा थेट आपल्या खिडकीतून आत येतो. घर पाहायला गेल्यावर त्या परिसरात काळवंडलेली कचऱ्याची जागा दिसते का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

श्वसनाचे विकार असलेल्या कुटुंबांसाठी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. क्षयावर औषधे नव्हती त्या काळी मिरज, पाचगणी अशा ठिकाणी आरोग्यधामे उभी राहिली आणि हवापालट म्हणजे उपचार, ही समजूत आपल्या मनात रुजली. दम्याच्या बाबतीत मात्र सर्वांना मानवेल असे एक गाव नसते. कोणाला धुळीने त्रास होतो, कोणाला गाजरगवताच्या परागांनी, कोणाला दमट भिंतीवरच्या बुरशीने, तर कोणाला गादीतल्या सूक्ष्म किडींनी. बुरशी आणि त्या किडी दमट हवेत वाढतात. त्यामुळे कोकणातली धूळविरहित हिरवी हवा एखाद्या रुग्णाला चार महिन्यांच्या पावसात सोसत नाही, आणि तोच रुग्ण सोलापूरच्या कोरड्या हवेत बरा राहतो. याच्या उलटही घडते. स्थलांतर ठरवण्यापूर्वी आपला त्रास कशाने वाढतो हे डॉक्टरांकडून नीट समजून घ्यावे. ते न करता केवळ पर्यटनाच्या आठवणींवर घर विकत घेणे मला योग्य वाटत नाही.

पाऊस आणि पाणी यांचा उल्लेख थोडक्यात करतो, कारण हवामानाचा विचार त्यांच्याशिवाय अपुरा राहील. सोलापूर शहराची तहान भागवणारे उजनी धरण आपल्या पावसावर भरत नाही, ते पुणे जिल्ह्यात सह्याद्रीवर पडणाऱ्या पावसावर भरते. त्यामुळे येथे चांगला पाऊस झाला म्हणून पाणी येईल किंवा नाही झाला म्हणून येणार नाही, असा सरळ संबंध नाही. दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा आपला जिल्हा ऑक्टोबर 2020 मध्ये भीमेच्या आणि सप्टेंबर 2025 मध्ये सीनेच्या पुराने होरपळला, हेही विसरू नये. नदीकाठी किंवा ओढ्याच्या जुन्या पात्रात प्लॉट घेताना स्वस्ताईचे कारण विचारावे आणि पाणी कुठवर आले होते हे त्या वस्तीतल्या जुन्या रहिवाशांकडून ऐकावे.

शक्य असेल त्यांनी नव्या गावी आधी भाड्याने राहून पाहावे. पुण्या-मुंबईला जाणाऱ्यांनी डिसेंबर-जानेवारीचे, कोकणात जाणाऱ्यांनी जुलै-ऑगस्टचे आणि सोलापूरला परतणाऱ्यांनी एप्रिल-मेचे काही आठवडे तिथे काढावेत. त्या मुक्कामात आजोबांची झोप, मुलाचा खोकला, इनहेलर किती वेळा लागला, रक्तदाब किती भरला, याची रोज वहीत नोंद ठेवावी आणि त्याच तारखांचा हवेचा निर्देशांक व किमान तापमान शेजारी लिहावे. घर विकत घेण्याचा निर्णय ती वही समोर ठेवून, घरातल्या वडीलधाऱ्यांनाही विचारून घ्यावा.

नमस्कार.