जॉन स्टॉकटन: 15,806 असिस्ट

नमस्कार श्रोतेहो. बास्केटबॉलमध्ये टाळ्या मिळतात त्या बास्केट करणाऱ्याला. ज्याच्या पासवर ते बास्केट होतं, त्याच्या नावावर जमा होतो एक असिस्ट. हे काम मुख्यतः पॉइंट गार्डचं, म्हणजे संघाचा खेळ चालवणाऱ्या खेळाडूचं, आणि अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये या कामात जॉन स्टॉकटनच्या जवळपासही आजवर कुणी पोचलेलं नाही.

वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहराचा हा मुलगा, कॉलेजही तिथलंच, गोन्झागा. उंची 6 फूट 1 इंच, एनबीएच्या मानाने बुटकाच. 1984 मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत यूटा जॅझ या संघाने त्याला सोळाव्या क्रमांकावर निवडलं आणि 2003 मध्ये निवृत्त होईपर्यंत तो तिथून हलला नाही.

त्याचं हुकमी अस्त्र म्हणजे पिक अँड रोल. त्याचा धिप्पाड संघसहकारी कार्ल मलोन स्टॉकटनला धरणाऱ्या बचावपटूच्या वाटेत ठाण मांडून उभा राहायचा. स्टॉकटन मलोनला अगदी घासून ड्रिबल करत निघायचा. आता धरायचं कुणाला? दोघांचेही बचावपटू स्टॉकटनवर धावले की मलोन बास्केटकडे सुटलेला असायचा, आणि एक टप्पा खाऊन बॉल बरोबर त्याच्या हातात. मलोनला अडवलं, तर स्टॉकटन स्वतःच शॉट मारायचा. पुढे काय होणार हे सगळ्यांना ठाऊक असायचं, तरी ते रोखणं जमायचं नाही.

आता जरा हिशेब करू. हंगामात 82 सामने. दर सामन्याला 10 असिस्ट, तेही एकही सामना न चुकवता 19 वर्षं. बेरीज होते 15,580. स्टॉकटनचे आहेत 15,806! एका हंगामात तर संघमालकांनी टाळेबंदी केल्यामुळे फक्त 50 सामने झाले होते. सगळ्या कारकिर्दीत त्याचे 22 सामने चुकले. मला विचाराल तर असिस्टपेक्षा हा 22 चा आकडाच जास्त थक्क करणारा आहे.

1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये तो अमेरिकेच्या 'ड्रीम टीम'मध्ये, म्हणजे एनबीएच्या ताऱ्यांनी भरलेल्या संघात होता. बाकीच्यांभोवती झुंबड उडायची. हा कॅमेरा घेऊन भर रस्त्यात फिरला, तरी कुणी ओळखलं नाही.

29 मे 1997. ह्यूस्टनविरुद्ध 100-100 अशी बरोबरी, हातात जेमतेम तीन सेकंद. या वेळी त्याने पास दिला नाही. तीन गुणांचा शॉट स्वतःच मारला आणि जॅझ पहिल्यांदा एनबीएच्या अंतिम फेरीत गेले. तिथे मात्र मायकेल जॉर्डनच्या शिकागो बुल्सनी त्यांना हरवलं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा.