अक्षता हवेत असताना

मंडळी, समोरच्या फळीवर दोन फोटो लावलेत. आठ बाय बाराचे, एकाच लॅबमधून एकाच दिवशी काढून आणलेले. दोन्हींत तीच आजी, तेच अंगण, सकाळचं तेच तिरपं ऊन. एक निकॉनच्या डी७०नं काढलाय, दुसरा डी७५००नं. मागं बसलेल्यांनीही पुढं या, नाक लावून बघा आणि सांगा, नव्या कॅमेऱ्याचा कुठला.

डावा? बरेच जण डावा म्हणताय. फोटो उलटा करतो, मागं पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. डावा डी७०चा आहे.

वाईट वाटून घेऊ नका. घरी माझीही अशीच फजिती झाली, म्हणून तर पेन्सिलीनं लिहून ठेवलं. डी७० आला २००४ साली, डी७५०० आला २०१७ साली. मधे तेरा वर्षं. पहिल्यात ६१ लाख पिक्सेल, दुसऱ्यात २ कोटी ९ लाख. दुकानात हा आकडा असा सांगतात की जणू साडेतीनपट चांगला फोटो मिळणार. पण पिक्सेल लांबीत आणि रुंदीत वाटले जातात. डी७०चा फोटो ३००८ ठिपके लांब, डी७५००चा ५५६८. म्हणजे लांबीच्या हिशेबानं दुप्पटही नाही. बारा इंचांच्या कागदावर जुन्याचे इंचाला अडीचशे ठिपके पडतात, नव्याचे साडेचारशेच्या वर. फोटो हातात धरून बघताना डोळ्याला अडीचशे पुरतात. वरचे ठिपके छापले जातात, पण त्यांना गिऱ्हाईक नाही.

फरक दिसतो तो बारा बाय छत्तीसच्या अल्बममध्ये. दोन पानांवर एकच फोटो पसरला, की डी७०कडे इंचाला जेमतेम ८३ ठिपके उरतात आणि नवरीच्या पापण्या मऊ पडतात. तिथं मी जुना कॅमेरा वापरणार नाही. आणखी एक गंमत. डी७०च्या उजेड टिपणाऱ्या सेन्सरपुढची, बारीक तपशील मऊ करणारी गाळणी सौम्य होती, त्यामुळे फोटो करकरीत यायचा, पण साडीच्या बारीक विणीवर मधूनच इंद्रधनुष्यासारखे पट्टे उमटायचे. डी७५००मध्ये ती गाळणी काढूनच टाकली आहे. तरी पट्टे कमी दिसतात, कारण ठिपकेच इतके बारीक की वीण त्यांच्यात मावते.

तर भर उन्हात, अल्बमच्या साध्या पानावर, या दोघांत निवाडा होत नाही. तो व्हायचा तर मंगल कार्यालयात जावं लागतं. माझा धंदा लग्नाचा, म्हणून उदाहरणही लग्नाचंच देतो.

गोरज मुहूर्त. सजावटवाल्यानं मोठे दिवे बंद ठेवलेत, पिवळ्या माळा तेवढ्या सोडल्यात. भटजींचं 'शुभमंगल सावधान' संपतं, अक्षता उडतात, आणि अंतरपाट खाली येताना दोघं एकमेकांकडे बघतात. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. माझ्याकडे ५० मिलिमीटरची एफ १.८ची, म्हणजे भरपूर उजेड आत घेणाऱ्या मोठ्या छिद्राची, जुनी लेन्स आहे. ती दोन्ही कॅमेऱ्यांवर बसते आणि दोन्हींवर आपोआप फोकसही होते, कारण लेन्स फिरवणारी मोटर दोन्ही बॉडींत आहे. या कॅमेऱ्यांचा माउंट, म्हणजे लेन्स बसवायचं कडं, १९५९पासून तोच, म्हणून ही सोय. तेव्हा लेन्स तीच, छिद्र एफ २, उजेड तोच.

डी७०चा आयएसओ, म्हणजे कमी उजेड वाढवून घ्यायची ताकद, १६००ला संपतो. त्या उजेडात १६००ला शटर मिळतं साठावं. आता हिशेब करा. तांदळाचा दाणा सेकंदाला तीन मीटर वेगानं खाली येतोय असं धरू. सेकंदाच्या साठाव्या भागात तो पाच सेंटिमीटर सरकतो. फोटोत दाणा दिसत नाही, पाच सेंटिमीटरची रेघ दिसते. शंभर लोकांनी अक्षता टाकल्या की नवरा-नवरीवर पाऊस पडल्यासारखं वाटतं. डी७५०० मी ६४००वर नेतो, शटर अडीचशेवर येतं. गरज पडली तर १२८००वर नेतो, शटर पाचशेवर. पाचशेव्या भागात दाणा सरकतो सहा मिलिमीटर, म्हणजे साधारण स्वतःच्या लांबीएवढा. आता तो दाणा म्हणून ओळखू येतो. नवरीच्या कपाळापुढं हवेत थांबलेला, कुंकवानं लाल झालेला.

तुम्ही म्हणाल, फ्लॅश मारा की. वर्षानुवर्षं तेच केलं. फ्लॅशनं दाणे गोठतात, पण कॅमेऱ्याजवळचे पांढरेफटक होतात, मागची मंडळी काळोखात जातात आणि सजावटवाल्याच्या माळा विझल्यासारख्या दिसतात. नंतर मुलीचे वडील विचारतात, "लायटिंगचे एवढे पैसे दिले, ते कुठं आहे?" बरोबर विचारतात.

नव्याला हे जमतं कशानं? डी७०चा सेन्सर सीसीडी जातीचा. स्लॅब पडताना घमेली हातोहात पुढं जातात, ते डोळ्यांपुढं आणा. प्रत्येक पिक्सेलपाशी उजेडानं जमवलेला विद्युतभार शेजाऱ्याकडे, तिथून पुढच्याकडे असा सरकत एका टोकाला पोचतो आणि तिथं मोजला जातो. मोजणारा टोकाला, सगळ्यांची घमेली त्याच्याच दारात. तो घाईत असतो, आणि घाईत मोजलं की चूक होते. घमेलं भरलेलं असेल तर मूठभर चूक कळत नाही. अंधारात मात्र घमेल्यात मूठभरच माल असतो, मग चूक आणि माल सारखेच दिसायला लागतात. फोटोत रंगीबेरंगी ठिपके येतात ते हे. डी७०वर १६००ला कधीकधी अक्षतांपेक्षा फोटोतलेच दाणे जास्त भरायचे. डी७५००चा सेन्सर सीमॉस. त्यात प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि मोजमाप रांगेरांगेला एकाच वेळी चालतं. सगळ्यांना पुरेसा वेळ, त्यामुळे मोजणीतली चूक घटली. उजेडाची स्वतःचीही एक चंचलता असते, तो मोजक्या थेंबांनी पडायला लागला की कमी-जास्त पडतो. ती कुठल्याच कंपनीला काढता आलेली नाही. म्हणून डी७५००च्या माहितीपत्रकात वाढीव आयएसओ सोळा लाख चाळीस हजारापर्यंत लिहिलाय, तो वाचून सोडून द्या. तिथं फोटो नसतो, रांगोळी सांडलेली असते. माझ्या डोळ्याला डी७५००चा ६४०० हा डी७०च्या १६००च्या तोडीचा, थोडा उजवाच वाटतो.

फोकसचंही तसंच. डी७०ला फोकसचे पाच बिंदू, डी७५००ला एक्कावन्न. जाहिरातीत हेच आकडे ठळक असतात, पण मला त्यांच्याखालची बारीक ओळ जास्त महत्त्वाची वाटते: जुन्याचा फोकस किती अंधारापर्यंत लागतो, नव्याचा किती. नवा दोन स्टॉप पुढं जातो, म्हणजे चौथाई उजेडातही त्याला दिसतं. माळांच्या उजेडात डी७०ची लेन्स पुढं-मागं चाचपडत राहायची आणि तोवर अंतरपाट खाली. सेकंदाला तीनऐवजी आठ फोटो मिळतात ही नंतरची गोष्ट. फोकसच लागला नसेल तर आठही वाया. व्ह्यूफाइंडर तर शेजारीशेजारी बघाच. जुन्यातून बघणं म्हणजे बोळातून बघणं, आणि त्यात चौकटीचा कडेचा थोडा भाग दिसतही नाही. फोटोत मात्र तो येतो, शेजारच्या काकांच्या कोपरासकट.

आता जुन्याच्या बाजूनं दोन गोष्टी, आणि त्या उपकाराखातर सांगत नाही. पहिली हळदीची. हळद मे महिन्यात, अंगणात, दुपारी. ऊन डोक्यामागं, चेहरा सावलीत, तेव्हा चेहऱ्यावर फ्लॅश हवाच. डी७०वर फ्लॅश पाचशेच्या शटरलाही पूर्ण जोरात चालतो, कारण त्या वेगाला सीसीडी स्वतःच उजेड घेणं थांबवतो, शटरच्या पडद्यावर अवलंबून राहत नाही. डी७५०० अडीचशेला अडतो. पुढं जाता येतं, पण मग फ्लॅश तुकड्यातुकड्यानं लुकलुकतो आणि त्याचा जोर उतरतो. तेरा वर्षांनंतरच्या कॅमेऱ्यात ही एक गोष्ट निम्म्यावर आली. हळदीला माझ्या पिशवीत डी७० अजून असतो, तो यासाठी. किंमत एवढीच, की सूर्य थेट चौकटीत आला तर सीसीडीवर उभी पांढरी रेघ ओघळते.

दुसरी गोष्ट धंद्याची नाही, हौसेची. डी७०च्या सेन्सरवरचा, डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण अडवणारा थर कच्चा आहे. लेन्सवर काळपट लाल फिल्टर लावला, तिकाटण्यावर कॅमेरा ठेवला, की पावसाळ्यातला हिरवा डोंगर बर्फासारखा पांढरा येतो आणि आभाळ काळं. आता पैसे देऊन कॅमेरे उघडून तो थर काढून घेतात. इथं तो मुळातच अर्धवट होता.

सीसीडीच्या रंगांबद्दल मात्र हल्ली जे गोडवे गायले जातात, त्यात मला फारसं काही सापडलेलं नाही. दोन्हींच्या रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं न शिजवलेल्या, फाइल घेतल्या, एकाच पांढऱ्या कार्डावरून रंग जुळवले, तर त्वचेत फरक उरतो तो शोधून काढावा लागतो. कॅमेरा स्वतः जी जेपेग बनवतो तिच्यात फरक आहे, आणि तो आवडतही असेल. पण तो मसाल्याचा फरक झाला, भाजीचा नव्हे.

मघाशी एकानं विचारलं, आता सगळे मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले कॅमेरे, घेतायत, मग या दोघांची तुलना कशाला? दोघंही आता सेकंडहँड बाजारात भेटतात, म्हणूनच. तुमच्यातल्या ज्याला फुलं, देवळं, आजी असे उजेडातले फोटो काढायचेत, त्यानं जुनी बॉडी घ्यावी आणि उरलेले पैसे लेन्सला द्यावेत. ज्याला कार्यालयात उभं राहायचंय त्यानं पिक्सेलचा आकडा विचारूच नये. दुकानातले दिवे मालवायला सांगावं आणि फोकस लागतो का ते बघावं.

चहा आलाय. दोन्ही कॅमेरे टेबलावर ठेवतो, खुशाल हाताळा. फक्त डी७०चं कार्ड काढू नका. ते कॉम्पॅक्टफ्लॅश आहे, खाचेच्या तळाशी केसासारख्या पन्नास पिना असतात. एका वरातीत घाईघाईत तिरकं कार्ड खुपसून मीच एक वाकवली होती आणि रात्री टॉर्च तोंडात धरून सुईनं सरळ केली. पुन्हा तेवढं बारीक आता दिसत नाही.