नाव एका वस्तीचे, मैदान भलतीकडे

नमस्कार, श्रोतेहो. सुट्टीच्या रात्री जागून इंग्लंडमधील फुटबॉलचे सामने पाहणारी बरीच मंडळी आपल्यात असतील. एव्हर्टन, चेल्सी, आर्सेनल ही नावे त्यांच्या तोंडी सहज येतात. पण ती नकाशावर शोधू लागले की गंमत वाटते, कारण क्लबाने ज्या वस्तीचे नाव घेतले, त्या वस्तीत त्याचे मैदान असेलच असे नाही.

एव्हर्टन ही लिव्हरपूल शहरातील टेकडीवरची वस्ती. तेथील सेंट डोमिंगो या मेथडिस्ट चर्चच्या मंडळींनी १८७८ मध्ये संघ काढला, तो चर्चच्याच नावाने. चर्चबाहेरच्या तरुणांनाही त्यात खेळायचे होते, म्हणून पुढच्याच वर्षी त्याला वस्तीचे नाव देण्यात आले. १८८४ पासून हा संघ अ‍ॅनफील्डच्या मैदानावर खेळू लागला आणि ते मैदान पुढे जॉन होल्डिंग या बिअरच्या कारखानदाराच्या मालकीचे झाले. भाड्यावरून कुरबुरी वाढत गेल्या आणि १८९२ मध्ये संघाने बाडबिस्तरा गुंडाळून वॉल्टन भागातील गुडिसन पार्क गाठले. रिकाम्या मैदानाचे धनी झालेल्या होल्डिंग यांनी नवा संघ उभारून त्यालाही एव्हर्टन हेच नाव देण्याचा घाट घातला. मात्र ते नाव जुन्या संघाचेच, असा निर्णय नियामकांनी दिल्यामुळे त्यांनी शहराचे नाव घेतले. आज जगभर गाजणारे लिव्हरपूल हे नाव असे घरमालक-भाडेकरूच्या भांडणातून, दुसऱ्या पसंतीचे म्हणून आले आहे!

एव्हर्टनच्या बोधचिन्हावर एक बुटका, निमुळत्या छपराचा गोल दगडी बुरूज दिसतो. तो किल्ल्याचा वगैरे नव्हे. दारुड्यांना आणि भुरट्या चोरांना रात्रभर डांबून ठेवण्यासाठी १७८७ मध्ये बांधलेली ती कोठडी आहे, आणि एव्हर्टनच्या उतारावर ती अजूनही उभी आहे. क्लब मात्र २०२५ मध्ये गुडिसन पार्कही सोडून गोदीकाठच्या नव्या मैदानावर गेला.

लंडनमध्ये तर हा घोळ अधिकच. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या चेल्सीचे मैदान फुलहॅम भागात आहे, पण फुलहॅम नावाचा क्लब आधीपासूनच होता, तेव्हा शेजारच्या वस्तीचे नाव घेणे भाग पडले. मिलवॉल हा संघ १९१० मध्ये थेम्स ओलांडून दक्षिणेस गेला, तरी त्याने उत्तर काठावरच्या मिलवॉलचे नाव सोडले नाही.

आर्सेनलने मात्र निम्मे नाव सोडले. वूलिच येथील तोफा आणि दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यातील, म्हणजे इंग्रजीत ‘आर्सेनल’मधील, कामगारांनी १८८६ मध्ये हा संघ काढला. १८९३ पासून तो वूलिच आर्सेनल म्हणून ओळखला जाऊ लागला; १९१३ मध्ये नदीपलीकडे उत्तर लंडनमधील हायबरीला गेल्यावर वर्षभरात वूलिच हा शब्द गळाला आणि नुसता कारखाना तेवढा उरला. पुढे गंगा उलटी वाहिली. मैदानाजवळच्या भुयारी रेल्वेच्या गिलेस्पी रोड स्थानकाला १९३२ मध्ये क्लबाचे नाव मिळाले. तेथे आज उतरणाऱ्याला पाटीवर आर्सेनल असे दिसते, आणि फलाटाच्या भिंतीवरील जुन्या फरश्यांमध्ये मात्र गिलेस्पी रोड ही मोठी अक्षरे अजून तशीच आहेत.